चिंचेच्या फांदीखालची खाट

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. एकतीस वर्षं लाल गाडी चालवली. श्रीरामपूरच्या डेपोत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो, आणि त्या एकतीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा लागू दिला नाही. त्याबद्दल बिनअपघाताचा बिल्ला मिळाला, तो आमच्या मंडळींनी देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवलाय. गाडी नीट चालवायची तर राग तोंडावाटे बाहेर काढावा लागतो, असं माझं मत. मंडळींचं मत वेगळं आहे, पण ती ते माझ्यापुढं बोलत नाही. शेजारी जाऊन बोलते.

शेजारी म्हणजे सिस्टर. सारा जन्म दवाखान्यात नर्सचं काम केलं, आता एकट्याच राहतात. दोन खोल्यांचं घर. पुढं स्वयंपाकाची, मागं झोपायची, आणि ती मागची पत्र्याची. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून खाटेवरून उठायचं म्हणजे आधी काठी चाचपायची, मग एक पाय खाली, मग दुसरा, मग येशूचं नाव घ्यायचं आणि उभं राहायचं. चांगली पाच मिनिटं जातात. ही पाच मिनिटं ध्यानात ठेवा.

कारण त्या पत्र्याच्या खोलीवर आमची चिंच आहे. चिंच आमच्या अंगणात, पण तिची सगळ्यात मोठी फांदी कुंपणाची भिंत ओलांडून सरळ सिस्टरांच्या पत्र्यावर गेलेली. फांदी कसली, दुसरं झाडच म्हणा ना! आम्ही जागा घेतली तेव्हाही चिंच एवढीच होती. खोडाला मी आणि मंडळी दोघांनी मिळून कवळा घातला तरी हाताला हात लागत नाही. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका तिच्या सावलीत कुरडया घालतात. निवृत्त झालो त्या वर्षी मी तिला पार बांधला. अडीच फूट उंच, तिन्ही बाजूंनी सिमेंटचं काम, आत दोन ट्रॉल्या काळी माती, वर शहाबादी फरशी, कडेला लाल ऑइलपेंट. भिंतीकडची बाजू तेवढी सोडली, तिथं गवंड्याचा हात जात नव्हता. महिनाभर सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी मारलं. येणारा-जाणारा म्हणायचा, पार असावा तर असा. मी फुगून जायचो.

दोनेक वर्षांत चिंचेचा शेंडा वाळायला लागला. वरच्या काटक्या उघड्या पडल्या, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढ्या. मी कारण शोधलं. अहो, समोरच होतं! सिस्टरांच्या मोरीचं पाणी भिंतीखालच्या भोकातून येऊन चिंचेच्या बुंध्यापाशी मुरायचं. साबणाचं पाणी. मी भिंतीवरूनच बोललो.

“सिस्टर, तुमच्या साबणानं माझी चिंच मारलीत तुम्ही!”

“दादा, चाळीस वर्षं मी त्याच साबणानं अंघोळ करते. मी मेले का?”

असलं उत्तर ऐकून घेणारा मी नव्हे. बोलायचं नव्हतं ते बोललो. गल्ली गोळा झाली. दुसऱ्या आठवड्यात सिस्टरांनी प्लंबर आणून मोरीची वाट रस्त्याच्या गटाराकडं वळवली, आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मंडळींची वाटी मात्र भिंतीवरून येत-जात राहिली. माझं आपलं समाधान झालं, की बघा, हटवलं का नाही!

पाणी बंद झालं आणि चिंच आणखी वाळली. ते काही मी मनावर घेतलं नाही.

यंदा चैत्रात, दुपारी चारच्या सुमाराला वावटळ उठली. धुरळा एवढा, की समोरचं घर दिसेना. आणि त्यात धाडकन आवाज. मी पळत सिस्टरांकडं गेलो, बोलणं टाकलेलं वगैरे काही आठवलं नाही. मांडीएवढी वाळकी फांदी पत्र्यावर पडली होती. पत्रा खाली दबून खोलगट झालेला, आणि एका जागी फाटून त्याची धार आत आलेली. ती धार बरोबर उशीच्या वर होती, हातभर अंतरावर. सिस्टर दारात काठीला धरून उभ्या. हातात चहाची गाळणी.

“दादा,” त्या म्हणाल्या, “चहाला उठले नसते तर?”

रागावून म्हणाल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. त्या साधं विचारत होत्या. आणि वर ती मोठी फांदी अजून तशीच होती, सगळ्या वजनासकट. ती आली असती तर पत्रा, खाट, भिंत, काहीच उरलं नसतं. पाच मिनिटं कुणी दिली असती त्यांना?

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. चिंच काढावी तर जीव तुटतो, ठेवावी तर सिस्टरांचा जीव टांगणीला. आणि हे ठरवायचं कुणी? मला झाडातलं ओ का ठो कळत नाही. झाडातलं ज्याला कळतं असा माणूस पाहिजे, आणि तो खरं बोलणारा पाहिजे.

पहिला आला तो वखारवाला. टेम्पो घेऊनच आला. टेम्पोतून उतरायच्या आधी खोडाकडं बघून म्हणाला, “काका, आतून सगळी पोकळ हाय. आजच काढू. तुमचा एक रुपाया नको, लाकूड मी घेऊन जातो.”

“नगरपालिकेची परवानगी?”

“ते माझ्यावर सोडा की!”

मी जवळजवळ हो म्हणत होतो. एकटा असतो तर म्हटलंच असतं. सिस्टर भिंतीपलीकडं खुर्ची टाकून बसल्या होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, “का हो, सगळी पोकळ आहे तर टेम्पो कशाला आणलात? पोकळ नेणार का त्यात?” वखारवाल्याचं तोंड एवढंसं झालं. नंतर कळलं, चिंचेच्या ओंडक्याला मटण तोडायच्या ठोकळ्यासाठी खाटकांकडून चांगली मागणी असते.

दुसरा मशीनची करवत घेऊन आला. मोबाईलवर फोटो दाखवले. सगळी झाडं टक्कल केलेली, नुसती खोडं उभी. “बघा, एकदम साफ काम!” मी म्हटलं, बाबा, तू न्हावी आहेस का झाडवाला? तो चिडून गेला. मीही चिडलोच होतो. गावात मशीनवाले मोप आहेत, पण झाडाकडं बघणारा एकजण सापडेना.

सापडला तो शेवगावात. एका लग्नाला गेलो होतो, येताना स्टँडबाहेर चहाला थांबलो. समोर शाळा, शाळेच्या दारात मोठा लिंब, आणि लिंबातून विजेच्या तारा गेलेल्या. अशा लिंबाचं काय करतात ते मी एकतीस वर्षं बघत आलोय. अर्धा छाटून भादरून टाकतात. हा मात्र तसा नव्हता. तारांना वाट सोडून त्याच्या फांद्या दोन्ही अंगांनी वर गेल्या होत्या, आणि झाड लंगडं दिसत नव्हतं. मी चहावाल्याला विचारलं, हे कुणाचं काम?

“एक चाचा हायेत, नेवाशाकडले. म्हातारे हायेत पन अजून चढत्यात. नंबर हाय माज्याकडं.”

चाचा तिसऱ्या दिवशी आले. साठीच्या पुढचे, सडसडीत, पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. स्टँडवरून चालत आले. मी बघितलं, ना करवत, ना कुऱ्हाड, ना दोर.

“हत्यारं?” मी विचारलं.

“पयल्या दिवशी आनत न्हाई डायवरसाहेब. हत्यार संगं असलं की हात शिवशिवतो. अन् एक आदीच सांगतो. लाकूड तुमचं. मी मजुरी घेतो, लाकडाला हात लावत न्हाई. लाकडावर डोळा ठिवला की समदी झाडं पोकळ वाटाया लागत्यात.”

मी सिस्टरांकडं बघितलं. सिस्टर माझ्याकडं.

मला वाटलं, आता झाडाकडं जातील. चाचा गेले सिस्टरांच्या घरात. चपला दारात काढल्या, आणि विचारलं, “माय, झोपता कुटं?” सिस्टरांनी खाट दाखवली. पत्र्याची धार मी ठोकून दुमडली होती, पण खाट होती तिथंच. चाचांनी पत्र्याकडं बघितलं, उशीकडं बघितलं, काठीकडं बघितलं. “उटायला येळ लागत आसंल,” ते म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, पाच मिनिटं. “मग माजं काम हुईस्तोवर खाट फुडच्या खोलीत घ्या. ज्याच्या डोक्यावर झाड हाय त्याला आदी इचारायचं, मंग मालकाला.” खाट आम्ही तेव्हाच चुलीच्या खोलीत हलवली.

मग चाचा झाडाकडं आले. पिशवीतून एक लाकडी मोगरी काढली, तळहाताएवढी, वापरून गुळगुळीत झालेली. खोडावर ठोकायचे, कान लावायचे, वीतभर सरकायचे, पुन्हा ठोकायचे. टक टक. टक टक. मी उभा राहून बघत होतो आणि माझ्या अंगावर काटा आला. का सांगू? गाडी काढायच्या आधी मी असाच चाकाभोवती फिरायचो, हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा घेऊन. टायरवर ठोकलं की आवाजावरून कळायचं हवा कुठं कमी आहे. नवी पोरं हसायची. आणि हा माणूस तेच एका चिंचेला करत होता, तासभर, घाई नाही, बडबड नाही. खोडातल्या ढोलीत हात घालून बघितला, मग फांदीच्या बेचक्यापर्यंत अनवाणी चढला, तिथंही ठोकलं. खाली उतरून पाराभोवती दोन चकरा मारल्या, आणि पाराकडं बघत बराच वेळ उभा राहिला.

“काय? ठेवायची का काढायची?” माझ्याच्यानं राहवेना.

“आज न्हाई सांगत. तुमी मला वळखत न्हाई, मी सांगितलं तरी तुमाला खरं कसं वाटंल?” मग त्यांनी मला तीन झाडांचे पत्ते दिले. होय, झाडांचे. पुणतांब्याला नदीकडं जाताना देवळामागचा लिंब. राहत्याच्या अलीकडं एका मळ्यात विहिरीवरचा आंबा. आणि शेवगावात बाजाराच्या मागं एक चिंच. “मानसांना काय इचारू नका. मानसं म्हनतील चाचा चांगला हाय. झाडं बगा. जिथं कापलंय ती जागा बगा. अन् तिन्ही बगा, दोन बगून येऊ नका.”

मला जन्मात कुणी अशा कामाला लावलं नव्हतं. मंडळी म्हणाली, जा, नाहीतरी घरात बसून पंख्याला शिव्या देता. मी गेलो. पास होताच.

पुणतांब्याचा लिंब बघितला आणि मी तिथं मटकन बसलोच. फांदी कापलेली जागा होती, ताटलीएवढी. तिच्या चारी अंगांनी साल आत वळत आली होती, भाकरीच्या कडेसारखी जाड, गोल, आणि मधे फक्त रुपयाएवढं उघडं लाकूड उरलं होतं. झाड आपली जखम स्वतः मिटवत होतं! एकतीस वर्षं मी या रस्त्यांनी हजारो झाडांखालून गेलो असेन. सावली घेतली, टेकून बिडी ओढली, मुतलोसुद्धा. हे कधी बघितलं नाही. नदीवर जाणारी एक बाई थांबून माझ्याकडं बघायला लागली, की हा म्हातारा झाडाच्या बुडाला हात लावून काय करतोय. मी म्हटलं, बाई, हे बघा, हे बघा ना! ती हसून निघून गेली.

मळ्यातल्या आंब्याचंही तसंच. तिथं तर जागा पूर्ण मिटलेली, नुसता वळ उरलेला. मी बोट फिरवून बघितलं.

मग तिसऱ्या झाडाला शेवगावला गेलो. बाजाराच्या मागं चिंच होती. वाळलेली. खडखडीत. एक पान नाही, सालीचे पापुद्रे लोंबतायत, कुणीतरी तिला केबल बांधलेली. माझं डोकं सटकलं. एवढी गाडी बदलून, उन्हातान्हात मला मेलेलं झाड बघायला पाठवलं? तिथंच बाजाराच्या कट्ट्यावर बसून फोन लावला.

“चाचा, ही तर वाळलीय!”

“व्हय.”

“व्हय काय? चेष्टा करता का माझी?”

“न्हाई डायवरसाहेब. ती माज्या हातनं गेली.” पलीकडून शांत आवाज आला. “सा वर्सं झाली. मालक म्हनला, समदं एका दमात कापून टाका, परत परत खर्च नको. मला कळत हुतं, तिला सोसनार न्हाई. न्हाई म्हनायला पायजे हुतं. मी हो म्हनलो. उन्हाळ्याच्या तोंडाला लई कापली. दोन सालात वाळली. तुमचीबी चिंचच हाय, म्हनून म्हनलं ही तुमाला दावावी.”

 फोन कानाला तसाच धरून मी कट्ट्यावरून उठलो आणि त्या चिंचेपाशी गेलो. 

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. वर मी लिहिलंय, गाडीला साधा ओरखडा लागू दिला नाही. ते खरं नाही. नोकरीच्या सातव्या वर्षी भर दुपारी एका स्टँडच्या फाटकाला गाडीचा मागचा कोपरा घासला होता. हातभर पत्रा उघडा पडला. डेपोत मेकॅनिक ओळखीचा होता, कुणी यायच्या आत आम्ही दोघांनी लाल रंग मारून टाकला. बिल्ला घेताना मला तो कोपरा आठवला होता. मंडळींनासुद्धा कधी बोललो नाही. आणि हा माणूस, ज्याला माझ्याकडून काम मिळवायचंय, तो मला एवढ्या लांब यायला लावून आपली चूक दाखवतोय, भर बाजारात उभी असलेली. मला स्वतःची लाज वाटली, हे सरळ सांगतो. आणि त्या माणसापुढं मी मनातल्या मनात हात जोडले.

“चाचा, या,” मी म्हटलं. “कधी येता?”

“परवानगीचा कागद काडला की लगेच.”

कागद निघाला. चाचा आले, या वेळी सगळ्या हत्यारांसकट आणि जावयाला घेऊन. जावई चाळिशीचा, धिप्पाड, कामापुरतंच बोलणारा. मला वाटलं आता वर चढतील. चाचा पारापाशी उकिडवे बसले.

“हा फोडावा लागंल.”

“काय? पार?” माझा आवाज गल्लीभर गेला. “फांदी वर आहे चाचा! पारानं काय घोडं मारलंय तुमचं? माझ्या हातांनी पाणी मारलंय मी त्याला!”

“एक फरशी काडा. एकच. माजं खोटं ठरलं तर परत बशिवतो.”

पहार मीच घातली. रागानं घातली. फरशी निघाली, खालची माती चाचांनी हातानं उकरली, कोपरापर्यंत. मग माझा हात धरून खाली नेला आणि खोडाला लावला. साल माझ्या बोटांत आली. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. काळी, आणि तिला वास, कुजलेल्या चाऱ्याचा. आणखी एक फरशी काढली, तेच. तिसऱ्या बाजूला, तेच.

“झाडाचं नाक हितं आसतं, डायवरसाहेब. माती अन् खोड भेटतं तिथं. तुमी गळ्यापतूर माती भरली, वरनं सिमिट लावलं. ती श्वास कुटनं घेनार? खाली मुळं गुदमारली, म्हनून वर शेंडा वाळला.”

मग ते भिंतीकडच्या बाजूला गेले, जिथं गवंड्याचा हात गेला नव्हता. तिथं उकरलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. साल कोरडी, घट्ट. मुळं जाड, आणि त्यांना पांढरी कोवळी मुळं फुटलेली, सगळी भिंतीकडं तोंड करून.

“हितं कुनाचं पानी येतं?”

“येत होतं,” मंडळी म्हणाली.

“बंद कुनी केलं?”

मंडळी माझ्याकडं बघायला लागली. भिंतीपलीकडून खुर्ची करकरली. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

“ह्या पान्यावरच जगली हो ती,” चाचा म्हणाले. कुणाला टोचायला म्हणाले नाहीत, त्यांना काय माहीत! ते मुळांकडं बघूनच बोलत होते.

दिवसभर मी, जावई आणि एक मजूर पार फोडत होतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा वर चढले. ते काम मी जन्मभर विसरणार नाही. आधी सगळ्या फांद्या बघून घेतल्या, एकीवर पाखराचं घरटं होतं ती सोडली. मग मोठ्या फांदीच्या टोकाकडं सरकले, सिस्टरांच्या पत्र्यावर, उघड्या आकाशात, कमरेला दोर. प्रत्येक फांदीला आधी दोर बांधायचा. मग करवत खालून घालायची, थोडीच. मग वरून. असं केलं की फांदी पडताना साल सोलून नेत नाही. वरच्या बेचक्यावरून खाली आलेल्या दोराला जावयानं खोडाभोवती दोन वेढे देऊन तो हातात धरलेला. वरून चाचा म्हणायचे, “बिस्मिल्ला,” आणि फांदी सुटायची. आणि सुटून पडायची नाही हो! तिथल्या तिथं तरंगायची, आणि मग जावई हळूहळू दोर सोडायचा, आणि ती पत्र्याला पानसुद्धा न लावता भिंतीवरून आमच्या अंगणात यायची, पाळण्यात बाळ ठेवावं तशी. एकामागून एक. सिस्टर आणि मंडळी रस्त्यावर खुर्च्या टाकून बसल्या होत्या. मी तीन तास मान वर करून उभाच होतो. एवढं नीट काम मी कुठल्याच धंद्यात बघितलं नव्हतं, माझ्यासुद्धा नाही.

दुपारी चाचा उतरले. मोठी फांदी होती तिथंच होती, पण टोकाकडून हलकी झालेली. मी म्हटलं, आलाच आहात तर आणखी थोडं कापा, सिस्टरांच्या डोक्याला ताप नको.

“न्हाई,” चाचा म्हणाले, आणि हसले. “बगा, आता म्हनायला शिकलो. ह्या साली यवडंच. बाकीचं फुडल्या साली, तिची तब्येत बगून.”

“आणि ती ढोली? सिमेंटनं भरून टाकू का?”

“डायवरसाहेब, आता सिमिटाचं नाव काडू नका.”

“फांदी पडणार नाही ना पण?”

“बुडाला ठोकून बगितलंय, भक्कम हाय. वजान कमी केलंय. ह्या पावसाळ्यात न्हाई पडनार, ते मी सांगतो. फुडचं फुडल्या साली येऊन सांगंन. कायमचं सांगायला मी कोन हाय?”

मजुरी घेतली, लाकडाची एक ढलपी नेली नाही, आणि जावई-सासरे स्टँडकडं चालत गेले.

त्याच संध्याकाळी मी सिस्टरांच्या दारात गेलो. काय बोलायचं ते घोकून गेलो होतो, पण आत गेल्यावर सगळं विसरलो. म्हटलं, “सिस्टर, चूक माझी. तुमच्या पाण्यानं नाही, माझ्या पारानं. मी तुम्हाला गल्लीसमोर बोललो. तुमच्या डोक्यावर फांदी पडली असती ती माझ्यामुळं.”

सिस्टर चहा गाळत होत्या, तीच गाळणी. “मोरीची वाट कधी बदलून देताय?”

“उद्या सकाळी.”

“आजच द्या. मला भांडी घासायची आहेत.”

मी टिकाव आणला. अंधार पडायच्या आत पाणी चिंचेकडं गेलं.

पुढं सिस्टरांनी पत्रा बदलून घेतला. चिंचेला कोवळी पालवी फुटली, तांबूस, त्या मोठ्या फांदीवरही. आणि एका रविवारी चर्चमधून आल्यावर सिस्टरांनी आम्हा दोघांना हाक मारली.

“खाट मागच्या खोलीत न्यायची आहे.”

“राहू द्या की इथंच,” मी म्हटलं. “चुलीशेजारी काय वाईट आहे?”

“उकडतं. मागं चिंचेचा गारवा असतो. आणि त्या माणसानं सांगितलंय ना, ह्या पावसाळ्यात नाही पडणार?”

“सांगितलंय. पण झालंच काही तर? तुम्हाला उठायला पाच मिनिटं—”

“दादा, तुम्ही एवढी वर्षं गाडी चालवली. मागं माणसं झोपलेली असायची की नाही?”

“असायची.”

“उठून तुम्हाला कुणी विचारायला आलं, नीट चालवताय ना म्हणून?”

मी त्यांच्याकडं बघितलं, मंडळींकडं बघितलं. आणि कसं काय कोण जाणे, बोलून गेलो. “सिस्टर, मी एकदा गाडी घासली होती. फाटकाला. कुणाला सांगितलं नाही, रंग मारून टाकला.”

मंडळी आ करून बघायला लागली. सिस्टरांनी थोडा विचार केला.

“त्या दिवशी मागं कुणी झोपलेलं होतं?”

“होतं. एक म्हातारी होती, लहान नातवाला घेऊन.”

“जाग्या झाल्या का?”

“नाही.”

“मग उचला खाट.”

मी डोक्याकडची बाजू धरली, मंडळींनी पायाकडची. आणि उशी कुठं ठेवायची ते विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, होती तिथंच.